घारीचे घरटे आणि माणसाची वस्ती

गावाचा इतिहास शिलालेखांत, ताम्रपटांत आणि सरकारी दप्तरांत शोधण्याची आपली रीत आहे. पण त्याच इतिहासाचे एक पान गावातल्या सर्वांत उंच झाडावर, फांद्यांच्या बेचक्यातही सापडते. ते पान म्हणजे घारीचे घरटे.

घार हा शिकारी पक्षी खरा, परंतु रानापेक्षा तिला माणसाचा शेजार अधिक प्रिय. मुंबई इलाख्याचे संख्याशास्त्रीय प्रतिवेदक म्हणून कर्नल साइक्स हे दख्खनमध्ये हिंडले. १८३२ साली त्यांनी येथील पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि तीत आपल्या घारीला 'गोविंद' हे नाव दिले. शास्त्रीय नामावलीत ते आजही कायम आहे. पुढे, काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले त्या ॲलन ह्यूम यांनी, देशभरच्या पक्षीप्रेमी अधिकाऱ्यांकडून माहिती मिळवून भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवर १८७३ पासून ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांच्या कितीतरी आधी घारीची ओळख आपल्या संतांना होती. आकाशात हिंडत असताही पिलांकडे धाव घेणारी घार संत जनाबाईंच्या अभंगात येते.

पावसाळा सरत आला की घारींच्या विणीला आरंभ होतो. सप्टेंबर ते एप्रिल हा तिचा काळ. आंबा, वड, पिंपळ यांसारखा मोठा वृक्ष ती निवडते. तो नसेल तर उंच इमारतीचा कंगोरा किंवा विजेचा मनोराही तिला चालतो. नर-मादी मिळून काटक्यांचा ओबडधोबड ढीग रचतात. त्यात चिंध्या, सुतळी, तारांचे तुकडे, कागद, जे हाती लागेल ते खुपसतात. अंडी बहुधा दोन किंवा तीन. ती सुमारे महिनाभर उबवावी लागतात. पिले एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे थोरल्याला घास आधी मिळतो आणि टंचाईच्या दिवसांत धाकट्याचा जीव धोक्यात येतो. पिलू उडू लागेपर्यंत आणखी सहा ते आठ आठवडे जातात. या दिवसांत झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालायला घार कचरत नाही. जुन्याच घरट्याची डागडुजी करून तेथे पुन्हा संसार मांडण्याची तिची सवय आहे.

म्हणूनच नवे नगर वसते तेव्हा घारीची कथा विशेष बोलकी होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले एक खेडे होते, आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहऱ्याच्या डोंगरांतून लोहखनिज येऊ लागले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. भाताच्या खाचरांशेजारी सेक्टर उभे राहिले, बाजार भरू लागले, रस्त्यांच्या कडेला झाडे लागली. घारीला जे दोन आधार लागतात, उंच जागा आणि माणसाने टाकलेले अन्न, ते दोन्ही अशा नगरात आपोआप तयार होतात. खेड्यातल्या घारीला काटक्या आणि चिंध्या मिळत. कारखान्याच्या गावात तिला तारही मिळते.

हा शेजार मात्र अक्षय नसतो. एके काळी लंडनच्या रस्त्यांवर आपल्या घारीची बहीण शोभणारी तांबडी घार निर्भयपणे वावरत असे. घरट्यासाठी कपडे पळवण्याच्या तिच्या खोडीचा उल्लेख शेक्सपिअरच्या नाटकातही आहे. पुढे शहर स्वच्छ झाले, बंदुका आणि विष आले, आणि एकोणिसाव्या शतकात ती साऱ्या इंग्लंडमधूनच नाहीशी झाली. १९८९ पासून परदेशातून पिले आणून तिला तेथे पुन्हा वसवावे लागले.

आपल्याकडे १९९० नंतर गिधाडांवर जनावरांच्या औषधातून जो घाला आला, त्यातून घार बऱ्याच अंशी बचावली. पण तिचे घरटे निर्धोक नाही. ऐन संक्रांतीत, पिलांच्या हंगामात, आकाशात मांजा ताणला जातो. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरी झाडांत अडकलेला दोरा पक्ष्यांचे पंख कापतच राहतो. त्यात रस्तारुंदीसाठी एखादा जुना वृक्ष हिवाळ्यात पडला, तर एका जोडीचे ते वर्ष संपते. भट्टी विझली तर ती पुन्हा पेटवता येते. पण घरटे पेलील एवढे झाड वाढायला माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडतो. ते झाड तोडायचेच असेल, तर निदान वर दृष्टी टाकून आणि पिले उडून जाईपर्यंत थांबून तोडावे. घारीच्या शेजाऱ्याकडून एवढी अपेक्षा फार नव्हे.