गरम पाणी जातं कुठे?

थंडीत घरोघरी ऐकू येणारा डायलॉग : "कोणी संपवलं रे गरम पाणी?" मग नेहमीचे आरोप-प्रत्यारोप, जास्त वेळ आंघोळ कोण करतं वगैरे. या वीकेंडला याच प्रश्नाचा थोडा इतिहास बघू. यात अमेरिकेतले लाखो हीटर आहेत, एक कोर्टकेस आहे, आणि कोड लिहून पोट भरणाऱ्यांच्या कामाचंही बरंच काही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गीझर हा शब्द मूळचा आइसलँडचा. तिथल्या एका उसळत्या गरम झऱ्याचं हे नाव. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्यात धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती, म्हणजे बंद न्हाणीघरात जिवाशी खेळ! पुढे १८८९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या इंजिनियरने पाणी साठवून ठेवणारा, आपोआप चालू-बंद होणारा हीटर बनवला. अमेरिकेत घरोघरी उभी असलेली दीडशे-दोनशे लिटरची टाकी ही त्याचीच वंशज.

आता या टाकीची गंमत बघा. आजीच्या तांब्याच्या बंबाचा नियम आठवतोय? एक बादली गरम काढली की एक बादली गार ओतायचं. टाकीतही तेच होतं, फक्त आपोआप. जेवढं गरम बाहेर जातं, तेवढंच गार आत येतं. म्हणजे टाकी कधीच रिकामी होत नाही. मग गरम पाणी 'संपतं' म्हणजे काय? तर गार पाणी नळापर्यंत पोचतं.

गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. उगाच ढवळलं नाही तर दोन्ही बऱ्यापैकी वेगळी राहतात. पण अमेरिकन टाकीत गार पाण्याचा पाइप आत येतो तो वरूनच, आणि गरम पाणी बाहेर जातं तेही वरूनच. म्हणून गार पाणी थेट तळाशी सोडायला आत एक लांब प्लास्टिकची नळी असते. तिला म्हणतात डिप ट्यूब. पूर्ण हीटरमधला हा बहुधा सगळ्यात स्वस्त पार्ट. पण टाकीचा सगळा खेळ तिच्यावर.

तर झालं असं, की नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या मोठ्या हीटर कंपन्या ही नळी एकाच पुरवठादाराकडून घेत होत्या. त्याचं नाव परफेक्शन कॉर्पोरेशन (नावावर जाऊ नका!). ऑगस्ट १९९३ ते ऑक्टोबर १९९६ या काळात बनलेल्या पॉलीप्रॉपिलीनच्या नळ्या गरम पाण्यात हळूहळू ठिसूळ होऊन तुटायला लागल्या. हीटरवर लेबल वेगवेगळ्या ब्रँडचं, आत नळी तीच. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांच्या प्रॉडक्टमध्ये एकच थर्ड पार्टी लायब्ररी, आणि बग त्या लायब्ररीत.

आणि बगही कसा, तर एरर न देणारा. हीटर चालू, गळती नाही, गॅस ठीक. फक्त पूर्वी दोन-तीन जणांच्या आंघोळी व्हायच्या, आता पहिल्यालाच मध्येच कोमट पाणी. नळी तुटल्यावर गार पाणी वरच्या वरच गरम पाण्यात मिसळायचं. गॅसच्या हीटरचा थर्मोस्टॅट तळाशी. तिथलं पाणी अजून गरमच, त्यामुळे त्याच्या मते सगळं आलबेल! बर्नर पेटणार कशाला? मॉनिटरिंग एका जागी आणि बिघाड दुसऱ्या जागी, हा प्रकार आपल्याला काही नवीन नाही.

शोध लागायला मदत झाली ती कचऱ्याची. नळांच्या जाळीत, शॉवरमध्ये पांढरे कण अडकायला लागले. आधी वाटायचं, पाण्यातला क्षार असेल. पण क्षार व्हिनेगरमध्ये विरघळतो, हे कण विरघळत नव्हते. शिवाय पाण्यावर तरंगत होते. म्हणजे प्लास्टिक.

तोवर अनेकांचे पैसे खर्च होऊन गेले होते. कोणी प्लंबर बोलावले, कोणी आख्खा हीटरच बदलला. घरात एकट्याचाच हीटर बिघडलाय असं प्रत्येकाला वाटत होतं, हा खरा घोळ. १९९९ मध्ये सर्वांच्या वतीने एकत्रित दावा झाला, आणि तडजोडीनुसार ग्राहकांना २००० सालच्या अखेरपर्यंत अर्ज करून नळी बदलून घेता आली, आधी झालेला खर्चही मागता आला. ज्यांना पत्ताच लागला नाही, त्यांच्या हाती अर्थातच काही आलं नाही.

आता आपल्या घरचं. भिंतीवरच्या उभ्या गीझरमध्ये रचना उलटी : गार पाणी खालून येतं, आणि गरम पाणी आतल्या लांब नळीतून वरच्या थरातलं घेतलं जातं. या नळीला भोक पडलं तरी लक्षण तेच, पाणी लवकर कोमट. पण मेकॅनिकला फोन करण्याआधी साधा हिशोब करा. १५ लिटरचा गीझर ६० अंशांवर, नळाचं पाणी २५ अंश आणि आंघोळीला ४० अंश धरलं, तर साधारण ३५ लिटर मिळतं. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की तेच २८-२९ लिटर. म्हणजे डिसेंबरात पाणी लवकर संपलं तर गीझर निर्दोष असू शकतो. २ किलोवॅटच्या गीझरला टाकी पुन्हा तापवायला १८-२२ मिनिटं लागतात, तेवढा वेळ दोन आंघोळींत ठेवून बघा.

पूर्ण वेळ देऊनही पाणी पूर्वीपेक्षा लवकर कोमट होत असेल, तर मात्र मेकॅनिकला एलिमेंट आणि थर्मोस्टॅटबरोबर आतली नळीही बघायला सांगा. आणि शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांच्याकडे कसं आहे ते. तिकडे लोकांनी हे जरा आधी विचारलं असतं, तर बऱ्याच जणांचा नवा हीटर वाचला असता.