काळ्या सालीची केळी

राजेळी केळं ज्या दिवशी फेकून द्यावंसं वाटतं, नेमकं त्याच दिवशी ते तळायला घ्यायचं असतं. साल काळी पडलेली, देठ वाळलेला, भोवती दोन-चार चिलटं. सोललं की आतून मात्र घट्ट, केशरी झाक असलेला गर निघतो. त्याचे तिरके, बोटभर जाडीचे काप करायचे, तव्यावर साजूक तूप सोडायचं आणि आच मंद ठेवायची. इथे घाई चालत नाही. गरात साखर इतकी असते की मोठ्या आचेवर कड जळते आणि पोट कच्चं राहतं. काप एका अंगाने तांबूस झाला की स्वतःहून तवा सोडतो, तेव्हाच उलटायचा. मी पहिल्यांदा केली तेव्हा साल पिवळीधमक झाल्याबरोबर तळली. बटाट्याचे काप बरे, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं.

कारण साधं आहे. कच्च्या केळ्यात पीठ असतं, पिकताना त्याची साखर होते. वेलची केळ्यात जवळपास सगळ्या पिठाची साखर होऊन जाते, म्हणून ते तव्यावर टाकलं की शिरा होतो. राजेळी साल पिवळी पडली तरी आतून पिठूळच असते. साल काळी पडेपर्यंत तिच्यात पुरेशी साखर तयार होते आणि तरीही थोडं पीठ मागे उरतं. ते उरलेलं पीठच काप धरून ठेवतं. वनस्पतिशास्त्रात या गटाला ‘प्लँटेन’ म्हणतात आणि आपली राजेळी ही केरळच्या नेंद्रनचीच बहीण. इंग्रज मात्र हिंदुस्थानात आल्यावर सोनकेळ्यापासून राजेळीपर्यंत सगळ्यालाच प्लँटेन म्हणत राहिले, त्यामुळे जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना फार गोंधळ होतो.

हेच काप सांतो दोमिंगो, हवाना, सान हुआन आणि काराकास इथे रोजच्या जेवणात असतात, तेही गोड पदार्थ म्हणून नाही. भात, घेवडा, मांस आणि शेजारी हे गोड काप, असं ताट. क्युबात त्यांना ‘मादुरोस’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘पिकलेले’. पोर्तो रिकोत ‘आमारीयोस’, म्हणजे ‘पिवळे’. व्हेनेझुएलात ‘ताहादास’, म्हणजे चक्क ‘काप’. तिथे भात, घेवडा आणि मांसाच्या ताटाला कडेकडेने हे काप लावले की ते ताट ‘कठड्यासकट’ मिळालं असं म्हणतात, जणू कठडा नसता तर घेवडा खाली सांडला असता. तिथल्या माणसाला विचाराल तर हा पदार्थ आमच्याच मातीतला, असं तो छातीवर हात ठेवून सांगेल. पण या कापांतलं काहीच त्या मातीतलं नाही.

आधी फळ. खायच्या केळ्यात बी नसते. पाखराने खाऊन दूर टाकली आणि रुजली, असं तिच्या बाबतीत होत नाही. कोणीतरी मुनवा खणून काढायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि नेऊन लावायचा. म्हणजे जगात जिथे जिथे केळ आहे तिथे ती माणसाच्या हातून गेलेली आहे. तिचं माहेर न्यू गिनी आणि आग्नेय आशियाची बेटं. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक या दलदलीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून ती दर्यावर्दी लोकांबरोबर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत पोचली. काँगोच्या खोऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या ओल्या जंगलपट्टीत शेतकऱ्यांनी तिच्या शंभराहून अधिक जाती जोपासल्या. बी नसलेल्या झाडात नवी जात मिळते ती एखाद्या मुनव्यात आपसूक झालेल्या बदलातून. तो बदल कोणाच्या तरी नजरेत भरावा लागतो आणि तोच मुनवा पुढे लावावा लागतो. शंभर वेळा कोणीतरी नीट बघितलं, असा त्याचा अर्थ.

तळण्याची रीतही त्याच पट्टीत मुरलेली. तिथलंच तेलताड, त्याचं लालभडक तेल आणि त्यात पिकल्या केळ्याचे तुकडे. नायजेरियातले योरुबा लोक त्याला ‘दोदो’ म्हणतात. आयव्हरी कोस्टमध्ये ‘अलोको’. घानातल्या ‘केलेवेले’त आलं आणि मिरची असते आणि ती संध्याकाळी रस्त्याच्या कडेला विकतात. नायजेरियातल्या इकिरे या गावात तर इतर जण टाकून देतील अशा पार काळ्या पडलेल्या केळ्यांचे गोळे तळतात आणि गावाच्या नावावर ते खपतात.

अटलांटिकपलीकडे केळ कोणी नेली, याचा जबाब मात्र लेखी आहे. गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश बखरकाराने लिहून ठेवलंय की, फ्राय तोमास दे बेर्लांगा या डॉमिनिकन धर्मगुरूने १५१६ साली कॅनरी बेटांवरून सांतो दोमिंगोला केळ आणली. पुढे हाच तोमास पनामाचा बिशप झाला. १५३५ मध्ये पेरूला जाताना वारा पडला, जहाज भरकटलं आणि गॅलापागोस बेटांना लागलं. स्पेनमधल्या त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याने अमेरिकेतून आणलेली म्हणून पेंढा भरलेली एक सुसर अजून टांगलेली आहे. केळ आणि गॅलापागोस इतकं नावावर असून गावाने आठवण जपली ती सुसरीची.

ओव्हिएदोची नावाबद्दल तक्रारही आहे. लोक याला ‘प्लातानो’ म्हणतात, पण हे प्लातानो नव्हेच, असं तो बजावतो. त्याचं खरं आहे. प्लॅटॅनस म्हणजे आपल्या काश्मीरच्या चिनाराचं कुळ. कुठे चिनार आणि कुठे केळ! पण नाव चिकटलं ते चिकटलं. शास्त्रीय नावाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. लिनियसने १७५३ साली ‘मुसा’ हे कुलनाम छापलं ते अरबी ‘मौझ’वरून, आणि त्या मौझच्या मागे संस्कृत ‘मोचा’ असल्याचं बऱ्याच जाणकारांचं मत आहे. बंगाली माणूस केळफुलाला अजून मोचाच म्हणतो. आणि ‘बनाना’? हा आफ्रिकी शब्द युरोपी छापखान्यात फार लवकर उमटला तो आपल्या गोव्यात. गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो केळ्याला ‘हिंदुस्थानचं अंजीर’ म्हणतो आणि गिनीत याला बनाना म्हणतात, अशी नोंद करतो. भाजलेलं केळं मद्यात टाकून वर दालचिनी घालून खाल्लं की छान लागतं, हेही तो तिथेच सांगून टाकतो. वैद्य असला तरी माणूस खवय्या होता. या ओर्टाकडेच काही काळ मुंबई बेट पट्ट्याने होतं.

तर फळ धर्मगुरूबरोबर गेलं. स्निग्धाचं काय? कॅरिबियन बेटांवर मूळच्या ताइनो लोकांकडे डुकरं नव्हती, गुरं नव्हती, कढईभर तळण करावं इतकी चरबी नव्हती. डुकरं कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत आली. ऊसही तेव्हाच. आणि उसामागोमाग आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. मळेवाल्यांना केळ सोयीची होती. बारा महिने फळते, निगा फार लागत नाही, लोंगर उतरवला की माणसांची पोटं भरतात. गुलामांना खायला घालायचं स्वस्त अन्न, एवढाच तिचा हिशेब होता. ज्यांना दिली त्यांना मात्र ती ओळखीची होती. त्यांना बरोबर मुनवे आणू दिले नव्हते, गाडगी-मडकी आणू दिली नव्हती. पण साल काळी पडू द्यायची आणि मग तळायची, हे ठाऊक असायला सामान लागत नाही. ताडतेलाच्या जागी डुकराची चरबी आली, एवढाच फरक. धर्मगुरूचं नाव ओव्हिएदोने लिहून ठेवलं, तव्यापुढे उभ्या राहिलेल्या बायकांपैकी एकीचंही नाही. मला विचाराल तर या पदार्थाच्या कुळाची खरी धनीण तीच.

क्युबा आणि दोमिनिकन रिपब्लिकमध्ये परका माणूस तिथलाच होऊन गेला की त्याला ‘आप्लातानादो’ म्हणतात, म्हणजे केळवलेला. स्वतः उपरी असलेल्या केळीवरून! पोर्तो रिकोत अस्सल माणसाच्या अंगावर ‘केळीचा डाग’ असतो, असं म्हणतात. केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही. कोकणात घड उतरवणाऱ्या माणसाचा सदरा पाहिला असेल, तर ही म्हण समजावून सांगायला नको.

आपल्याकडे राजेळीचे काप तुपात होतात, ओलं खोबरं आणि साखर भरून भरली केळी होतात. वसईत पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवतात, तिची सुकेळी केळीच्याच वाळक्या पानात बांधून विकायला येतात. केरळात भज्यांसारखं दाट मैद्याचं पीठ लावून पळमपोरी तळतात. मला स्वतःला पीठ लावलेली फारशी आवडत नाहीत. आवरण कुरकुरीत होतं, पण केळ्याला तूप भेटतच नाही.

माटुंग्याच्या बाजारात नेंद्रन वर्षभर टांगलेली असते. आणलीत तर टोपलीत ठेवा आणि आठवडाभर विसरा. साल काळी झाली म्हणून घरात कोणी टाकायला निघालं, तर तेवढं थांबवा आणि तवा ठेवा.