तापमान घटायचे थांबते तेव्हा

वातावरणाचा पाठ शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. डोंगरावर गेलो की आपण सूर्याच्या जवळ जातो, मग तिथे थंडी का? उत्तर शिक्षकांना ठाऊक असते. हवा सूर्यकिरणांनी थेट फारशी तापत नाही, ती तापलेल्या जमिनीमुळे खालून तापते. शिवाय वर चढणारी हवा कमी दाबामुळे प्रसरण पावते आणि थंड होते. ही घट दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियस असते.

आता हाच हिशेब पुढे चालवून पाहा. जमिनीवर १५ अंश तापमान असेल, तर साधारण ४४ किलोमीटरवर आपण निरपेक्ष शून्याला, म्हणजे उणे २७३ अंशांना पोचू! एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना वर तापमान असेच घटत जात असावे असे वाटे, आणि तसे वाटण्यास आधारही होता. १८०४ साली गे-ल्युसॅक हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसहून एकटाच बलूनमधून सुमारे ७,००० मीटर उंच गेला. खाली २८ अंशांच्या आसपास असलेले तापमान वर उणे साडेनऊ भरले.

त्याहून वर जाणे मात्र जिवावरचे काम होते. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लेशर आणि कॉक्सवेल यांचे बलून इतके चढले की ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात गारठून निकामी झाले होते. त्याने झडपेची दोरी दातांनी ओढली, म्हणून दोघे वाचले. १८७५ मध्ये ‘झेनिथ’ बलूनमधील तिघांपैकी क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे प्राणवायूअभावी मरण पावले. माणूस पाठवून हा प्रश्न सुटणार नव्हता.

१८९२-९३ च्या सुमारास एर्मित आणि बेझाँसाँ यांनी माणसाऐवजी उपकरणेच वर पाठवायला सुरुवात केली. स्वयंलेखी तापमापक आणि वायुभारमापक फुग्याला टांगायचे, फुगा सोडून द्यायचा आणि कोणा शेतकऱ्याला ते सापडून परत येण्याची वाट पाहायची. काम चिकाटीचे, थोडेसे नशिबाचेही.

ही पद्धत खऱ्या अर्थाने राबवली लेआँ तेसरांक द बोर याने. पॅरिसची सरकारी हवामान कचेरी सोडून त्याने १८९६ मध्ये जवळच्याच त्राप या गावी स्वतःची वेधशाळा उभारली. त्याचे फुगे कागदाचे असत, हायड्रोजन भरलेले. नोंदी येऊ लागल्या आणि घोटाळा दिसू लागला. सुमारे ११ किलोमीटरच्या वर तापमान घटायचे थांबत होते.

पहिला संशय साहजिकच उपकरणावर. कागदी फुगा उंचावर गेला की त्याची चाल मंदावते. तापमापकावरून वाहणारा वारा कमी होतो, आणि उन्हात तो खऱ्या हवेपेक्षा जास्त तापमान दाखवतो. मग उपाय? त्याने रात्री फुगे सोडले. रात्री ऊन नाही, तरीही आकडे तेच. तरीसुद्धा तो घाई करीत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २३६ फुग्यांच्या नोंदी हाती आल्यावरच २८ एप्रिल १९०२ रोजी त्याने हा निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला. त्यांतले ७४ फुगे १४ किलोमीटरपर्यंत पोचले होते.

अवघ्या तीन दिवसांनी बर्लिनमध्ये रिचर्ड आसमान याने तसाच निष्कर्ष जाहीर केला. त्याच्याकडे नोंदी होत्या फक्त सहा उड्डाणांच्या! पण त्याचे फुगे रबरी होते. रबरी फुगा चढताना फुगत जातो, त्यामुळे त्याचा वेग टिकतो आणि शेवटी तो फुटतो. म्हणजे तापमापकाला वारा शेवटपर्यंत मिळतो. एकाने नोंदींची संख्या वाढवून शंका दूर केली, दुसऱ्याने फुगा बदलून.

पुढे १९०८ मध्ये तेसरांक द बोरने या दोन थरांना ट्रोपोस्फिअर आणि स्ट्रॅटोस्फिअर ही नावे दिली. आपण त्यांना तपांबर आणि स्थितांबर म्हणतो. वरच्या थरात तापमान स्थिर असून हवेची खालीवर घुसळण नाही, अशी त्याची समजूत होती. घुसळणीबाबत तो बरोबर होता. तापमान मात्र स्थिर राहत नाही. साधारण २० किलोमीटरनंतर ते वाढू लागते आणि ५० किलोमीटरजवळ शून्य अंशाच्या आसपास येते. उल्का कोठे पेटतात आणि कोठे विझतात याच्या अभ्यासावरून लिंडेमन आणि डॉब्सन यांनी १९२३ मध्ये ही उष्णता ताडली. तिचे कारण ओझोन. तो सूर्याचे अतिनील किरण शोषतो आणि तिथली हवा तापते, म्हणजे इथे हवा खालून नव्हे तर स्वतःच तापते. ओझोन तिथे कसा तयार होतो हे चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडले. तेसरांक द बोर तोवर हयात नव्हता. तो १९१३ सालीच वारला.

एक गंमत राहिली. सर्वांत थंड स्थितांबर ध्रुवांवर असेल असे कोणीही म्हणेल. परंतु १९०८ मध्ये जर्मन पथकाने पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावरून फुगे सोडले, तेव्हा विषुववृत्ताजवळ तपांबराची सीमा फार उंच आणि फार थंड आढळली. भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर गोलार्धाचे संपूर्ण चित्र मांडले. त्यानुसार सर्वांत थंड हवा विषुववृत्तावर, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर, कड्यासारखी पसरलेली असून तिचे तापमान उणे ८५ अंशांच्याही खाली आहे. जमीन जिथे सर्वाधिक तापते तिथे हवा सर्वांत उंच चढते, आणि चढता चढता तितकीच अधिक निवते.