उडीचा घोडा व वळणातील तोल

१. वळणावर बिघडणाऱ्या घोड्याचा दोष ग्रंथकारांनी येथे सरसकट जनावराच्या स्वभावावर ढकलला आहे. परंतु अडथळ्याकडे वळताना स्वाराने आतली वाग ओढली, की मान तेवढी आत वाकते, बाहेरचा खांदा वर्तुळाबाहेर निसटतो आणि ज्यांच्या रेट्यावर उडीची सारी भिस्त ते मागील पाय पोटाखाली येण्याऐवजी आडवे सरकतात, हे ध्यानी घेता कसूर बहुधा हाताचीच ठरते. म्हणून जाणता चाबुकस्वार सरळ रेषेत असतानाच मांड किंचित ताठ करून चाल आवरतो, बाहेरच्या वागेने खांद्याला बांध घालतो आणि आतली पोटरी तंगाशी दाबून घोडा तिच्याभोवती वळवतो. सुमारे २० मीटर व्यासाच्या काव्यावर जमिनीलगत पंख्यासारख्या मांडलेल्या दांड्या या तालमीस फार उपयोगी पडतात. कारण आतल्या टोकाकडून नेल्यास घोड्यास झेप आखडावी लागते, बाहेरून नेल्यास लांबवावी लागते, आणि लय मात्र दोन्हीकडे एकच राखावयाची असते. इटालियन घोडदळातील कप्तान फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी उडीत स्वाराचा भार पुढे नेण्याची पद्धत रूढ केली, रिंगणातील कृत्रिम कसरतींचे त्यांना वावडे होते; तथापि अरुंद मैदानातील आजच्या शर्यतींत निव्वळ त्यांच्या मतावर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते. डावीकडे वळावयाचे असता घोडा उजव्या पायावर उतरल्यास, नवशिक्याने त्यास दुडकीवर आणून पाय बदलून घ्यावा. — संपा.