अपुरा खेळ

जयपूर शहराच्या उत्तरेस, सीकर रस्त्याला लागून, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. कारखान्यांच्या वसाहतीला देवांच्या कारागिराचे नाव द्यावे, हे आपल्या रीतीला धरूनच झाले. मात्र हे नाव ठेवणाऱ्यांना त्या कारागिराची पुरीची कथा आठवली होती की नाही, कोण जाणे! इंद्रद्युम्न राजासाठी जगन्नाथाची मूर्ती घडवावयास विश्वकर्मा वृद्ध सुताराच्या वेषाने आला. त्याची अट एकच होती : ठरलेली मुदत संपेपर्यंत दार उघडावयाचे नाही. पुढे आतून हत्यारांचा आवाज येईनासा झाला, राजाराणीचा धीर सुटला, दार उघडले गेले आणि कारागीर अंतर्धान पावला. मागे राहिल्या त्या हातपाय पुरे न झालेल्या मूर्ती. त्याच गाभाऱ्यात बसविल्या गेल्या, आणि आजही लक्षावधी लोक त्यांनाच हात जोडतात.

अपुरी वस्तू लोकांपुढे ठेवावी की नाही, हा प्रश्न इतका जुना आहे. आज तो पुन्हा विचारला जातो तो मूर्तीविषयी नव्हे, तर खेळाविषयी. संगणकावर आणि हातातल्या फोनवर, दूरदूरच्या माणसांनी एकाच वेळी मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळाविषयी. असा खेळ रचणारा एखादा लहान स्टुडिओ आपण डोळ्यांपुढे आणू. चित्रकार, संगीतकार आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारे मिळून पंधरावीस माणसे तेथे तीन-चार वर्षे खपत आहेत. खेळ अजून अर्धामुर्धाच उभा राहिला आहे, आणि गाठीचा पैसा मात्र संपत आला आहे. खेळ आहे तसा बाजारात आणला तर पुढच्या महिन्याचे पगार निघतील. थांबावे तर खेळ पुरा होण्याआधी स्टुडिओच बंद पडेल. ‘चांगले झाल्यावाचून बाहेर काढू नये’, हा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. ते पगार देत नाहीत, ही त्यांच्या उपदेशातली एक लहानशी उणीव होय.

श्रोतेहो, मराठीत नाटकाच्या, सिनेमाच्या आणि मुलांच्या अशा तिन्ही गोष्टींना आपण ‘खेळ’ म्हणतो. म्हणून या प्रश्नाचा विचार करताना मला प्रथम आठवते ती पुण्यातील १८८० सालची ३१ ऑक्टोबरची रात्र. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांनी त्या रात्री ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण या प्रयोगापासून मोजतो. पण एक गोष्ट सहसा सांगावयाची राहून जाते. कालिदासाचे नाटक सात अंकी. त्या रात्री झाले ते फक्त पहिले चार अंक. उरलेले तीन पुढे सावकाश सिद्ध झाले. बरे, हा काही एकदाच घडलेला प्रसंग नव्हे. १८८२ च्या १८ नोव्हेंबरला ‘संगीत सौभद्र’ आले, तेही पाचांपैकी पहिल्या तीन अंकांनिशी. आमच्या सरकारी कचेऱ्यांत याला ‘अंतरिम अहवाल’ म्हणतात. किर्लोस्करांनी ही युक्ती कचेरीतून उचलली असे म्हणावयास आधार नाही. पण एका सरकारी नोकराला असे म्हणण्याचा मोह होतो खरा.

आता या चार अंकांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म तेथेच आहे. चौथ्या अंकात शकुंतला कण्वाचा आश्रम सोडून सासरी निघते. तेथे पडदा पडला तर प्रेक्षक डोळे पुशीत घरी जातो. आपल्याला कोणी फसविले असे त्याला वाटत नाही. पाचव्या अंकात राजा तिला ओळखीत नाही, तेथे अर्ध्यावर पडदा पाडता येणार नाही. शिवाय जे चार अंक झाले त्यांतील पदे बसलेली होती, चाली ठरलेल्या होत्या, मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाणारे नट तयार होते. म्हणजे नाटक अपुरे होते, पण कच्चे नव्हते. सातही अंक अर्धवट तालमीनिशी एकदम उभे केले असते, तर नट अडखळले असते, पदे विसरली गेली असती, आणि संगीत नाटक हा प्रकार कदाचित त्याच रात्री हास्यास्पद ठरला असता. चार पिकलेली फळे वाटणे आणि सात हिरवी फळे वाटणे, दोन्हींत टोपली अपुरीच असते. खाणाऱ्याच्या दातांना मात्र फरक चटकन कळतो.

ऑनलाइन खेळाच्या धंद्यात बुडालेली घरे पाहिली, तर बहुधा सात हिरवी फळेच दिसतात. स्कॉटलंडमधील डंडी या गावी रिअलटाइम वर्ल्ड्स नावाचा स्टुडिओ होता. त्याचे प्रमुख डेव्हिड जोन्स हे या क्षेत्रातले नामांकित गृहस्थ. ‘लेमिंग्ज’ आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हे खेळ ज्यांच्या नावावर आहेत ते हेच. त्यांनी ‘ए.पी.बी.’ हा चोर-शिपायांचा ऑनलाइन खेळ रचावयास घेतला आणि दहा कोटी डॉलरच्या घरात भांडवल जमविले. हा पैसा संपत आला तेव्हा खेळात शहर होते, वेष होते, मोटारी होत्या. पण गोळी झाडण्यात आणि मोटार हाकण्यात मौज नव्हती. २०१० च्या जूनअखेरीस खेळ बाजारात आला. ऑगस्टच्या मध्यास कंपनीचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याखाली परक्यांच्या हाती गेला आणि १६ सप्टेंबरला सर्व्हर बंद झाले. जेमतेम अकरा आठवड्यांचे हे आयुष्य. पुढे दुसऱ्याने तो खेळ विकत घेऊन नव्या नावाने चालविला. पण ज्यांनी तो घडविला होता ते तोवर पांगले होते.

त्याच वर्षी जपानच्या स्क्वेअर एनिक्स या बड्या कंपनीनेही तीच चूक केली. ‘फायनल फँटसी’ मालेतील चौदावा खेळ तिने सप्टेंबर २०१० मध्ये घाईने बाहेर काढला, आणि खेळणाऱ्यांनी तो नाकारला. कंपनीने जाहीर क्षमा मागितली, मासिक वर्गणी घेणे बंद ठेवले, नाओकी योशिदा यांना नवे निर्माते नेमले, जुना खेळ २०१२ च्या नोव्हेंबरात कायमचा मिटवला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो जवळजवळ नव्याने रचून पुन्हा आणला. आज हा खेळ यशाचा दाखला म्हणून सांगितला जातो. अडचणीतल्या स्टुडिओचे मालक हे उदाहरण मोठ्या आशेने एकमेकांना ऐकवितात. त्यांनी एवढेच पाहावे, की तीन वर्षे पदरचे घालून जुने घर पाडावयास आणि नवे बांधावयास त्या कंपनीकडे दुसरे चालते धंदे होते. श्रीमंताच्या लेकाची पडझड आणि गरिबाच्या लेकाची पडझड सारखी नसते.

येथे नाटक आणि ऑनलाइन खेळ यांतील एक भेद मान्य केला पाहिजे. फिरत्या नाटकमंडळ्यांना एक सोय होती. एका गावी खेळ पडला, तर दुसऱ्या गावी जाण्यापूर्वी तो दुरुस्त करता येई. ऑनलाइन खेळाला सारे जग एकच गाव आहे; पहिल्या दिवशीची निंदा लेखी राहते आणि दुकानाच्या दारावर चिकटलेली असते. दुसरे असे, की हा खेळ पंगतीसारखा आहे. समोर प्रतिस्पर्धी नाही, बाजूला सोबती नाही, तर खेळच होत नाही. पहिल्या आठवड्यात आलेली पंगत उठून गेली, की पुढे स्वयंपाक कितीही सुधारला तरी पाने रिकामीच. आणि पंगत असो वा नसो, सर्व्हरचे भाडे दरमहा भरावेच लागते. इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या चिमुकल्या स्टुडिओने २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ काढला. लोक एकमेकांना भेटू शकतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच दिवशी दोघे खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, पण एकमेकांना दिसले नाहीत! एवढा गहजब होऊनही तो स्टुडिओ तगला, कारण तो खेळ एकट्यालाही खेळता येत होता, विक्री भरपूर झाली होती आणि पगार घेणारी माणसे थोडी होती. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, खरी सोबत त्याने विनामूल्य पुरविली.

आपल्याकडील एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ‘पबजी’सह ११८ ॲपवर बंदी घातली, आणि दोनच दिवसांनी बेंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा झाली. लोकांनी मनाशी ठरविले, की पबजीची रिकामी जागा हाच भरून काढणार. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी खेळ आला तो एकट्याने खेळावयाच्या गलवानच्या मोहिमेपुरता. अनेकांनी मिळून खेळावयाचे प्रकार मागाहून येणार होते. दुकानातले त्याचे गुणांकन थोड्याच दिवसांत घसरले. माझ्या मते त्या एका अंकापेक्षा त्याच्या भोवतीच्या अपेक्षेनेच खेळाचे नुकसान केले. किर्लोस्करांच्या प्रेक्षकाला चार अंक मिळाले, येथे सात अंकांची वाट पाहून आलेल्याला एकच मिळाला. त्यात मुहूर्त राष्ट्रीय सणाचा. तो पुढे ढकलणार कोण?

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सची हकीगत याहून निराळी आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते. २०१७ साली सुरू झालेल्या या स्टुडिओने ‘राजी’ हा खेळ रचावयास घेतला. तो ऑनलाइन नव्हे, एकट्याने खेळावयाचा. हरवलेल्या भावाला शोधीत असुरांशी लढणारी एक मुलगी, राजस्थानच्या किल्ल्यांची आणि महालांची आठवण देणारी वास्तू, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती, असा त्याचा थाट. लोकवर्गणीसाठी मोहीम काढली, ती फसली. पैसा संपला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकली. अर्धा खेळ विकून टाकण्याचा मोह याहून कोणाला अधिक झाला असता? त्यांनी लोकांपुढे ठेवला तो खेळाचा एक छोटा, नीट घासूनपुसून तयार केलेला नमुना, आणि पुढे प्रकाशक मिळाल्यावर १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध केला. तो लहान आहे आणि अवचित संपतो, अशी तक्रार झालीच. पण जेवढा होता तेवढा पिकलेला होता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘गेम अवॉर्ड्स’ या मोठ्या समारंभात पहिल्याच खेळासाठी असलेल्या पारितोषिकाच्या यादीत ‘राजी’चे नाव आले. पारितोषिक मात्र मिळाले ते ‘फॅस्मोफोबिया’ या इंग्रजी स्टुडिओच्या खेळाला. चौघांनी मिळून भुताचा शोध घ्यावयाचा हा ऑनलाइन खेळ सप्टेंबरात विक्रीस आला होता तो उघड उघड अपुरा म्हणून! घर विकून पुऱ्या केलेल्या खेळावर अपुऱ्या खेळाने मात करावी, हे ऐकून पुणेकर हळहळणे साहजिक आहे. पण त्यात अन्याय झाला असे मला म्हणवत नाही. स्टीम नावाच्या दुकानाने मार्च २०१३ पासून अपुऱ्या खेळांसाठी वेगळे दालन उघडले आहे. तेथे ग्राहकाला आधीच बजावलेले असते, की खेळ पुरा झालेला नाही, आज आहे तो पसंत नसेल तर थांबा. ‘फॅस्मोफोबिया’ त्या पाटीखाली बसला होता. एक घर, एक भूत, चार माणसे आणि अंधार एवढीच त्याची सामग्री, परंतु भीती मात्र पहिल्या दिवसापासून पुरी होती. अपुरे नाटक त्यानेही चौथ्या अंकाच्या शेवटीच थांबविले होते.

तेव्हा अडलेल्या स्टुडिओने खेळ काढावा की नाही, याचे माझे उत्तर असे : काढावा, पण सगळा नव्हे. दहा नगरे अर्धी बांधली असतील तर नऊ बाजूला ठेवावी आणि एक राहण्याजोगे करून तेवढ्याचेच भाडे घ्यावे. पाटीवर तसे लिहावे. आणि जे अजून रचलेच नाही त्याचे पैसे आज घेऊ नयेत. निदान काही महिन्यांचे सर्व्हरचे भाडे आणि पगार हाती नसतील, तर एवढेही करू नये. कारण नाटकाचे पुस्तक कंपनी मोडली तरी कपाटात राहते, पण सर्व्हर बंद झाला की ऑनलाइन खेळ घेणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. ‘ए.पी.बी.’च्या गिऱ्हाइकांना हे अकरा आठवड्यांत कळले.

किर्लोस्करांनी ‘रामराज्यवियोग’ हे तिसरे संगीत नाटक लिहावयास घेतले, तेव्हाही नेहमीप्रमाणे पहिले तीन अंक १८८४ साली रंगभूमीवर आणले. पुढचे अंक मागाहून यावयाचे होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते वारले. चौथा अंक लिहिला गेला नाही. रंगभूमीवर आलेले ते तीन अंक छापील पुस्तकात आजही वाचावयास मिळतात.