पेशवाई बुडवणाऱ्याचा वाडा अजून उभा आहे, आपल्या गढ्यांचं काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. सुरुवात इंग्लंडातल्या एका वाड्यापासून आहे, पण येऊन थांबणार आहे आपल्या बीड जिल्ह्यातल्या गढ्यांपाशीच.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर म्हणून एक परगणा आहे. तिथे डॉनिंग्टन हॉल नावाचा एक मोठा वाडा आहे. आजूबाजूला शेकडो एकरांचं रान, हरणं, जुनी झाडं. आपल्याकडे मोटारसायकलचं वेड असलेल्या पोरांना 'डॉनिंग्टन' हे नाव रेसच्या ट्रॅकमुळे माहीत असतं. वाडा कुणाचा, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

हा वाडा १७९० च्या दशकात बांधला तो फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज या सरदाराने. हाच पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज झाला. शाळेच्या पुस्तकातला वॉरन हेस्टिंग्ज तो हा नव्हे. हा १८१३ ते १८२३ अशी दहा वर्षं हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तेव्हा कलकत्त्याच्या गादीवर हाच माणूस होता. पेशवाई बुडाली ती याच्या कारकिर्दीत.

आपला बीडचा मुलूख तेव्हा निजामाकडे. १७६३ ला आपल्याच गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं होतं, पण हा भाग राहिला निजामाकडेच. १८१८ मध्ये बीडला धर्माजी प्रतापरावांनी निजामाविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढण्यात इंग्रज अधिकारी पुढे होता. सांगायचा मुद्दा एवढाच, की त्या वाड्याचा आणि आपला संबंध वाटतो तितका लांबचा नाही.

आता वाड्याचं पुढे काय झालं ते बघा.

लॉर्ड हेस्टिंग्ज आयुष्यभर कर्जात होता. इकडून गेल्यावर माल्टा बेटाचा गव्हर्नर झाला आणि १८२६ मध्ये नेपल्सजवळ समुद्रात जहाजावर वारला. आपला उजवा हात कापून ठेवावा आणि बायको गेली की तिच्यासोबत पुरावा, असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणे. नातवाच्या पिढीत घराण्याला घोड्यांचा नाद लागला. १८६७ च्या डर्बीत 'हर्मिट' नावाचा घोडा जिंकला आणि त्या घोड्याविरुद्ध पैज लावलेला हेस्टिंग्ज घराण्याचा वारस धुऊन निघाला. पुढच्याच वर्षी तो गेला. वय २६. जमीनदारांच्या पोरांनी शर्यतीच्या नादात घर बुडवल्याच्या गोष्टी आपल्याकडेही गावोगाव आहेत. तिकडेही तेच.

मग वाडा दुसऱ्याच्या हातात गेला. पहिल्या महायुद्धात तिथे पकडलेले जर्मन अधिकारी ठेवले. त्यातला गुंथर प्लुशो नावाचा वैमानिक १९१५ मध्ये तिथून निसटला आणि थेट जर्मनीत पोचला. वाड्याचा तुरुंग झाला, पण छप्पर शाबूत राहिलं, कारण आत माणसं होती.

मोटारसायकल आली ती यानंतर. डर्बीच्या मोटार क्लबमध्ये फ्रेड क्रेनर नावाचा एक माणूस होता, स्वतः जुना रेसर. त्याने वाड्याचे तेव्हाचे मालक जॉन गिलीज शील्ड्स यांना गाठलं आणि विचारलं, तुमच्या रानातल्या रस्त्यांवर मोटारसायकलच्या शर्यती घेऊ का? मालक हो म्हणाले. १९३१ च्या मे महिन्यात पहिली शर्यत झाली. रस्ता कच्चा, खडी-मातीचा. दोन वर्षांत रस्ता रुंद झाला, डांबर पडलं, मोटारी धावायला लागल्या. १९३७ आणि १९३८ मध्ये तर जर्मनीच्या गाड्या तिथे येऊन जिंकून गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने सगळं रान ताब्यात घेतलं आणि गाड्यांचा डेपो केला. ट्रॅक संपल्यात जमा होता. १९७१ मध्ये टॉम व्हीटक्रॉफ्ट या बिल्डरने ट्रॅक विकत घेतला. हो, बिल्डरने! प्लॉट पाडायला नाही, शर्यती परत सुरू करायला. १९७७ मध्ये ट्रॅक उघडला. १९८७ ते २००९ मोटारसायकलची ब्रिटिश ग्रां प्री तिथेच होत होती.

वाड्यात मात्र विमान कंपनीचं मुख्य कार्यालय आलं. ती कंपनी २०१२ मध्ये विकली गेली आणि २०१३ मध्ये नॉर्टन ही मोटारसायकल कंपनी आली. नॉर्टन म्हणजे साधं नाव नाही. १८९८ ची कंपनी. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत, अगदी पहिल्या वर्षी, १९०७ मध्ये, एका गटात नॉर्टनच जिंकली होती. पण हेही टिकलं नाही. २०२० मध्ये कंपनी बुडाली. निवृत्तीसाठी पैसे ठेवलेल्या दोनशेहून जास्त लोकांची पुंजी अडकली आणि तेव्हाच्या मालकाने पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. मोठं नाव आणि मोठा वाडा बघून ठेवी ठेवू नयेत, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नाही.

नॉर्टनचं नाव कुणी विकत घेतलं माहितीये? आपल्या टीव्हीएसने. एप्रिल २०२०, दीड कोटी पौंडांहून थोडे जास्त. म्हणजे ज्या वाड्याच्या मालकाने हिंदुस्थान खिशात घातला, त्याच वाड्यात बसलेली कंपनी दोनशे वर्षांनी होसूरच्या माणसांनी घेतली. टीव्हीएसने कारखाना दुसरीकडे नेला, पण वाडा रिकामा पडून राहिला नाही. शेजारचा ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीनेच तो २०२१ मध्ये घेतला आणि तिथे हॉटेल करायची योजना मांडली.

सव्वादोनशे वर्षांत सरदाराचं घर, तुरुंग, कचेरी, मोटारसायकल कंपनी. दिवाळी निघाली, दिवाळंही निघालं. वाडा उभा आहे.

आता आपल्याकडे या.

बातमीच्या निमित्ताने जिल्ह्यात फिरताना गढी दिसली की मी गाडी थांबवतो. दरवेळी काहीतरी कमी झालेलं असतं. बुरुजाचा चिरा कुणाच्या तरी पायात गेलेला असतो. पांढरी माती माळवदावर टाकायला नेलेली असते, आता तर जेसीबी लावून ट्रॉल्या भरतात. देवडीचा सागवानी दरवाजा, कोरीव खांब, तुळया शहरातले व्यापारी घेऊन जातात आणि तो दरवाजा कुठल्यातरी हॉटेलात 'पारंपरिक' म्हणून लागतो. गावात राहतं ते बाभळीचं रान आणि पोरांना घाबरवायला एक भुताची गोष्ट.

हे का झालं, तेही समजून घ्यायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. हे व्हायलाच हवं होतं. पण गढी चालायची ती त्या वसुलीवर. वसुली बंद झाली आणि माळवदावर दरवर्षी माती टाकायला पैसा उरला नाही. घराणी पुण्याला, संभाजीनगरला गेली. कागदावर एका गढीला वीस-वीस वारस. एक म्हणतो विकू, दुसरा म्हणतो पाडू, तिसऱ्याचा फोन लागत नाही. भाऊबंदकीत पाऊस कुणासाठी थांबत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. गढी सगळ्या गावाला प्रिय नसते. ज्याच्या आज्याला देवडीत जोडे काढून उभं राहावं लागलं, ज्याच्या आजीने तिथे वेठीला दळण दळलं, त्याने 'आपला वारसा' म्हणून छाती का फुगवावी? पडली तर बरंच झालं, असं म्हणणारी माणसं मला भेटलीत आणि त्यांचा राग खोटा नाही. पण मी त्यांना एवढंच म्हणतो, की गढी गेली तर तो पुरावाही जातो. देवडी उभी असेल तर नातवाला दाखवता येईल, की तुझा पणजोबा इथे उभा राहायचा आणि आज तू आत खुर्चीवर बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोस.

तिकडे वाडा टिकला तो इंग्रजांना इतिहासाचं प्रेम जास्त म्हणून नाही. पहिलं कारण कायदा. १९४७ पासून त्यांच्याकडे जुन्या इमारतींची यादी करायची पद्धत आहे. घर खाजगी असलं तरी यादीत आलं की परवानगीशिवाय खिडकीसुद्धा बदलता येत नाही. आपल्याकडे १९६० चा राज्याचा स्मारक कायदा आहे, पण तो अधिसूचना निघालेल्या स्मारकांपुरता. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे. खेड्यातल्या गढीला कोण विचारतो? ती ना स्मारक, ना धड घर.

दुसरं कारण वापर. प्रत्येक पिढीने त्या वाड्याला नवं काम दिलं. मोटारसायकलवाले काही राजेरजवाड्यांचे वंशज नव्हते. क्लबची साधी माणसं, हातपाय ग्रीसने काळे झालेली. पण त्यांनी त्या रानाला जगायचं कारण दिलं. आज लोक लॉर्ड हेस्टिंग्जसाठी तिथे जात नाहीत, शर्यत बघायला जातात, आणि त्या निमित्ताने वाडाही बघतात. आपल्या शेजारी वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, मराठवाड्याच्या पोरांनी तिथे गाड्या जोडल्या. पण जुनी राजदूत, येझदी, लुना नीट लावून ठेवलेली एक तरी खोली आपल्या जिल्ह्यात आहे का? गढीच्या ओसरीत ती का नसावी? शंकरपटाच्या, कुस्तीच्या जुन्या फोटोंची खोली का नसावी?

आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्ग बघा. २०१४ मध्ये सरकारच्या संगोपन योजनेतून तो सोलापूरच्या एका कंपनीकडे दहा वर्षांसाठी दिला. तिकीट लावण्यावरून मतभेद असतील, असावेत. पण झाडी निघाली, वाटा झाल्या, माणसं यायला लागली.

मी काही मोठी मागणी करत नाही. प्रत्येक गावाने तीन कामं करावीत. पावसाळ्याआधी गढीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर ती कुणाच्या नावे आहे ते बघा आणि वारसांना एकदा एकत्र बसवा. आणि येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, की गढीची माती आणि लाकूड ग्रामसभेला विचारल्याशिवाय हलणार नाही. ठराव कायद्यात किती टिकेल हा पुढचा प्रश्न. ट्रॉली अडवायला हातात कागद तरी असेल.

फोटो कमेंटमध्ये टाका. गावाचं नाव आणि तालुका लिहा. मी तालुकावार यादी करतोय. सरकार करेल तेव्हा करेल, तोवर आपली तरी असू द्या.