प्रतिश्रय : थंडीच्या रात्रींचा आसरा व त्याचा वार्षिक खर्च

धर्मशाळा कोणी बांधली हें शिलालेख सांगतो; ती चालली कशी, हें तो बहुधा सांगत नाहीं. दात्याचें नांव दगडांत राहतें. रात्रभर जळलेल्या लांकडाची राख मात्र सकाळींच झाडली जाते. निराश्रितांस थंडीच्या रात्रीं आसरा देण्याची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे; परंतु तिचा इतिहास लिहितांना आपण इमारतींपाशींच थांबतों. ही उणीव वाचकांच्या नजरेस आणावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अशोकाच्या सातव्या स्तंभलेखांत वाटेवरील वृक्ष, विहिरी व विश्रामस्थानें यांचा उल्लेख आहे, हें वाचकांस विदितच आहे. महाराष्ट्रापुरतें पाहिल्यास नाशिकच्या दहाव्या लेण्यांतील उषवदाताचे लेख अधिक बोलके आहेत. नहपानाच्या या जांवयानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें चौसोपी आश्रयगृहें दिलीं; त्यांस लेखांत ‘प्रतिश्रय’ हा शब्द आला आहे.

त्याच लेण्यांतील ४२ व्या वर्षाच्या दानलेखांत पुढील व्यवस्था आढळते. उषवदातानें ३००० कार्षापणांचें अक्षय दान गोवर्धनांतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविलें. पैकीं २००० वर दरमहा दरशेंकडा एक व १००० वर पाऊण असा व्याजाचा दर ठरला. मुद्दल परत घ्यावयाचें नव्हतें, केवळ व्याज उपभोगावयाचें होतें. २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि त्यांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावे, असा हिशेब बसविला होता. हा व्यवहार निगमसभेंत ऐकवून रीतीप्रमाणें नोंदविलाही गेला. हें दान भिक्षूंस होतें, निराश्रितांस नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि वसतीबरोबर अंगावरील वस्त्राचीही तजवीज हवी आणि ती दरसाल हवी, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें.

पुढील काळीं अहिल्याबाई होळकरांनीं (१७२५–१७९५) धर्मशाळांचें कार्य दूरदूरच्या तीर्थक्षेत्रीं नेलें. जुन्या धर्मशाळांस बहुधा उघडी ओवरी असे. तिच्यासमोर पेटलेल्या शेकोटीचा धूर आपोआप बाहेर जाई. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें प्राणघातक ठरतें, कारण तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. म्हणून विस्तव बाहेर आणि घोंगडी आंत, हीच वांटणी शहाणपणाची होय.

आधुनिक काळांत या परंपरेस नवें वळण दिलें तें गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६). पंढरपुरास अस्पृश्य यात्रेकरूंस इतरत्र थारा नव्हता. त्यांच्याकरितां उभारलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दाराशीं आलेल्याची जात पुसणारा आसरा हा आसराच नव्हे, असा त्यांच्या कार्याचा अर्थ आम्ही समजतों. त्यांच्या दशसूत्रींत बेघरांस आसरा हें एक सूत्र आहे. ज्यानें सहस्रावधि लोकांस छप्पर दिलें, त्याचा देह २० डिसेंबर १९५६ रोजीं ऐन हिंवाळ्यांत अमरावतीच्या वाटेवरच पडला.

आतां विदर्भाच्या पूर्व टोंकाकडे वळूं. फुलचूर हें गोंदिया शहरास लागून असलेलें गांव. भोंवतालचा मुलूख धानाचा. डिसेंबर-जानेवारींत येथें पारा कित्येक रात्रीं १० अंशांखालीं उतरतो. गोंदिया हें रेल्वेचें मोठें जंक्शन, त्यामुळें कामासाठीं आलेला व घर नसलेला मनुष्य येथें नवा नाहीं. २०१० च्या जानेवारींत दिल्लींतील थंडीच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयानें रात्रनिवाऱ्यांचा प्रश्न हातीं घेतला. २०१३ च्या केंद्रीय योजनेनें शहरांतील दर लाख वस्तीमागें किमान शंभर माणसांची सोय आणि माणशीं ५० चौरस फूट जागा असें प्रमाण घातलें. पण ती योजना शहरांसाठीं होती. थंडी मात्र नगरपालिकेची हद्द ओळखत नाहीं. शहराच्या शिवेबाहेर फुलचूरसारख्या गांवांत निजणाऱ्यास ती तितकीच झोंबते.

अशा ठिकाणीं मोठी इमारत उभारण्यापूर्वीं उषवदाताचा हिशेब करावा, असें आमचें मत आहे. धानाच्या मुलखांत तणसाचा तोटा नाहीं. तिचें अंथरूण, दरसाल धुतलेल्या घोंगड्या, बाहेर शेकोटी, तिच्यापाशीं जागणारा एक माणूस, आणि या सर्वांस पुरेल इतकें कायम उत्पन्न, एवढ्यावर आसरा चालतो. उत्पन्न नसेल तर दगडी धर्मशाळाही दोन हिंवाळ्यांत कुलूपबंद होते.

संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. सनदा व मोहरेचीं पत्रें आपण जपतों. लांकूड, तेल व घोंगडी यांच्या खर्चाच्या वह्या मात्र रद्दींत जाऊं देतों. यापुढें अशी वही हातीं आली तर ती टाकूं नये. दात्याचें नांव कोठेंही सांपडेल. त्या रात्रीं कितीजण निजले आणि सकाळीं कितीजण उठले, हें त्या वहीवांचून कोणी सांगणार नाहीं.